पुढच्या दातांमधली फट

त्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. बारा-तेरा वर्षांपूर्वी तारा लावून दात सरळ केलेल्या पेशंटना तिने पुन्हा बोलावलं होतं. केलेलं काम टिकलंय का, ते बघायला. सत्तावीस जण येऊन गेले. रुंद, भरीव जबड्याच्या माणसांचे दात बहुतेक जागच्या जागी होते. लांबट चेहऱ्याच्या, खाली उतरत्या जबड्याच्या चौघांचे मात्र पुन्हा बिघडले होते. आणि अठ्ठाविसावा, तिचा पहिलावहिला पेशंट, येतच नव्हता. तो तिचा धाकटा भाऊ. शिंपी.

"आज गिऱ्हाइकांची गर्दी आहे गं, ताई." मग, "आज मशीन बिघडलंय." तिसऱ्यांदा "अंगात कसकस आहे" म्हणाला, तेव्हा फोनमध्ये मागे तेच मशीन खडखडत होतं.

तिने त्याचा जुना एक्स-रे खिडकीशी धरला. खालचा जबडा घसरगुंडीसारखा उतरत गेलेला. तेव्हा दिसलं नव्हतं? दिसलं होतं की! "जबड्याच्या हाडाची वाढ थांबू दे," असं कॉलेजातल्या सरांनी बजावलंही होतं. पण पुढच्या दातांमधल्या फटीवरून शाळेत पोरं त्याला 'खिडकी' म्हणायची, तो रडत घरी यायचा, आणि हिचे हात नव्या विद्येने शिवशिवत होते.

जेवण तसंच टाकून ती त्याच्या दुकानात गेली. तो कोटाला बटण लावत होता. दोरा तोंडाशी नेला, गालाकडे सरकवला आणि दाढेने तोडला.

"पुढच्या दातांनी का नाही तोडत?"

तो दचकला. "सवय."

"तोंड दाखव. दाढा मिटून ओठ बाजूला कर."

"इथे? दुकानात?"

"कर म्हणते ना!"

दाढा मिटल्या तरी पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नव्हते, मधून जीभ दिसत होती.

"कधीपासून?"

"अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. हळूहळू होत गेलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू येईल-जाईल त्याला माझे दात दाखवायचीस, ताई. कुठल्या तोंडाने सांगू?"

ती स्टुलावर बसली. "तुझा जबडा अजून वाढणार होता. मला ठाऊक होतं. घाई माझी."

"पण चार वर्षं कुणी खिडकी म्हणालं नाही," तो म्हणाला.

तिला ते ऐकवेना. "आता नुसत्या तारांनी भागायचं नाही. जबड्याचं ऑपरेशन लागेल, ते दुसरे डॉक्टर करतील. नाही केलंस तरी तुझं अडणार नाही. या वेळी तू ठरव."

"विचार करतो."

संध्याकाळी एक आई तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तसाच लांबट चेहरा.

"दोन-तीन वर्षं थांबू या," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"पलीकडचे डॉक्टर तर उद्याच सुरू करतो म्हणतात!" आई फणकारली आणि मुलीला ओढत निघून गेली.

आपण बरोबर केलं की घाबरलो, हे तिला रात्रीपर्यंत कळेना. शुक्रवारी भाऊ आपणहून आला, एक्स-रे काढून घेतला. ऑपरेशनचं मात्र काही बोलला नाही, आणि तिनेही विचारलं नाही.