पाचशे मीटरवरचं हरीण

प्रांजलचा फोन रविवारी सकाळी यायचा आणि तो आईला यायचा. कॅनडात तेव्हा शनिवारची रात्र. नाहूरच्या त्या दोन खोल्यांत जानकी अर्धा तास लेकाशी बोलायची, भाजी काय केलीस इथपासून सगळं. मग फोन जयवंतच्या हातात. "काय रे, बरा ना?" "हो बाबा. तुम्ही?" "मी बरा." संपलं! फोन परत जानकीकडे. वर्षानुवर्षं हेच. विक्रोळीच्या कारखान्यात उभा जन्म लेथवर काढलेल्या माणसाचं मशीनशी छान जमलं, पोटच्या पोराशी काही केल्या जमलं नाही.

म्हणून त्या रविवारी प्रांजल आपणहून म्हणाला, "आई, बाबांना दे ना," तेव्हा जयवंत घाबरलाच. म्हटलं, नोकरीबिकरी गेली की काय याची!

"बाबा, मी शिकारीचं लायसन्स काढलंय. इकडे रीतसर असतं सगळं, सीझन ठरलेला असतो. ऑफिसातले मित्र नोव्हेंबरात हरणावर जातात, या वर्षी मीपण चाललोय. रायफल घ्यायचीय, पण त्याआधी काडतूस ठरवावं लागतं. साडेसहा मिलिमीटरचं घेऊ की सात मिलिमीटर मॅग्नम, म्हणजे जास्त दारू भरलेलं? लांबून मारायचंय. तुम्हाला काय वाटतं?"

तुम्हाला काय वाटतं! कॉलेज निवडताना नाही, परदेशी जाताना नाही, लग्न ठरवताना तर नाहीच नाही. आज पहिल्यांदा पोराने बापाला विचारलं. आता खरं सांगायचं तर जयवंतने जन्मात रायफल पाहिली नव्हती. कणकवलीकडे गावी त्याच्या वडिलांकडे एक जुनी एकनळी बंदूक होती, भातात डुकरं घुसायची म्हणून परवाना काढून घेतलेली. पण ते त्याने मुंबईत कधी कुणाला सांगितलं नाही. उघड्या अंगाने रात्रभर शेतात बसणारा बाप, याची त्याला लाज वाटायची. पोरालाही त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. तेव्हा सरळ म्हणावं ना, बाबा रे, मला यातलं कळत नाही. नाही म्हणाला. म्हणाला, "बघून सांगतो."

आणि झालं! आठवडाभर हा माणूस चष्मा लावून मोबाइलवर गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसला. चहा गार, जेवण गार. जानकी वैतागली. "तुमका बंदुकीचा काय कळता ओ? उगाच पोराक कायतरी सांगशात!"

"तू गप रव," जयवंत म्हणाला.

पुढच्या रविवारी फोन वाजला तसा त्यानेच झडप घालून उचलला. "हे बघ प्रांजल, वेग बघायचा. वेग असला की गोळी सरळ जाते, खाली बसत नाही. साडेसहा वाईट नाही, धक्का कमी देते. पण सात मिलिमीटर मॅग्नम म्हणजे सेकंदाला नऊशे मीटर! काय समजलास? तीच घे. पाचशे मीटरवर आरामात बसायचं आणि मारायचं. जवळ जायची गरजच नाही."

"भारीच, बाबा," प्रांजल म्हणाला. थोडा थांबला आणि म्हणाला, "अजून काही सांगाल?"

जयवंतने सांगितलं की! वारा, दुर्बीण, गोळीचं वजन, जे जे पाहिलं होतं ते सगळं ओतलं. पोरगा ऐकत होता. मग दर रविवारी फोन आधी बापाला यायला लागला, आणि बिल्डिंगखालच्या बाकावर जयवंत ऐटीत सांगायला लागला, "आमच्या चिरंजीवांना हल्ली आमच्याशिवाय चैन पडत नाही." कसला सुखात होता म्हणून सांगू! त्या सुखापुढे खरंखोटं कुठे आठवतंय माणसाला?

दिवाळी होऊन गेली. नोव्हेंबरातल्या एका रविवारी प्रांजलने आधी व्हिडिओ पाठवला आणि मागोमाग फोन केला. "बघितलात का?" जयवंतने फोन चालू ठेवूनच व्हिडिओ लावला. मित्राने दुर्बिणीतून घेतलेला. दरीपलीकडच्या उतारावर मोठ्या कानांचं एक हरीण चरत होतं. बार झाला. गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ, पण तेवढ्यात हरणाने एक पाऊल पुढे टाकलं आणि कोसळलं.

"पडलं! झकास!" जयवंत ओरडला.

मग ते उठलं. मागचा भाग जमिनीवर घासत, पुढच्या दोन पायांवर ओढत ओढत निघालं. कॅमेऱ्यामागे कुणीतरी हसलं. झाडी येईपर्यंत व्हिडिओ चालू होता.

"मग?" जयवंतने घाईने विचारलं. "शोधलंत ना?"

"बाबा, मध्ये अख्खी दरी होती. तिकडे जायला दोन तास. आणि बर्फ सुरू झाला. थोडंसं चालून बघितलं, मग काळोख पडला."

"सकाळी जा."

"सकाळी निघायचंय. सगळ्यांना सोमवारी ऑफिस आहे, यार."

जयवंतच्या डोळ्यांपुढे त्याचा बाप उभा राहिला. बंदुकीचा एक बार चुकला होता त्याचा. डुक्कर जखमी होऊन रानात गेलं, आणि हा माणूस दोन दिवस काट्याकुट्यांत त्याच्या मागे हिंडला. सापडलं, दुसऱ्या बाराने सोडवलं त्याला, तेव्हाच घरी येऊन पाण्याला तोंड लावलं. असाच होता तो. प्राण्याचा श्वास ऐकू येईल इतकं जवळ गेल्याशिवाय चापावरचं बोट हलवायचा नाही.

"असं टाकून यायचं नसतं रे प्रांजल!" जयवंत किंचाळलाच. "अर्धमेलं करून ठेवलंत त्याला! तडफडत असेल ते तिकडे!"



"मग हे आधी का नाही सांगितलंत?" प्रांजल म्हणाला. "जवळ जायची गरजच नाही, हे तुम्हीच म्हणालात ना?"

फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी फोन जानकीला आला. जयवंतने समोर बसून दहाएक मिनिटं कळ काढली आणि मग तिच्या हातातून घेतलाच. "प्रांजल, ऐक. मला त्या काडतुसातलं काही म्हणजे काही कळत नाही. मोबाइलवर बघून ठोकलं मी. माझं चुकलं रे."

"माहीतेय, बाबा." आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "रायफल मी तुम्हाला विचारायच्या आदल्याच दिवशी घेतली होती. सात मिलिमीटरचीच. दुकानदाराने सगळं समजावलं होतं."

"मग मला कशाला विचारलंस?"

"विमलाआत्या एकदा म्हणाली होती, आजोबांकडे बंदूक होती म्हणून. आपल्यात बोलायला दुसरं काय होतं, बाबा? म्हटलं, यावरून तरी आजोबांचं काही सांगाल. दर रविवारी वाट बघायचो. तुम्ही वेगच सांगत बसायचात."

जानकी पदराला हात पुसत त्याच्याकडे बघत राहिली. जयवंत हळूच म्हणाला, "सांगतो ना. आत्ता सांगतो. तुझे आजोबा एकदा जखमी डुकराच्या मागे..."

"नको, बाबा," प्रांजल म्हणाला. "आता नाही ऐकवणार माझ्याच्याने."