डागासकट

मी एक जुना झगा आहे, लग्नाचा. होतो, असं म्हणायला हवं, कारण आता माझा गुडघ्यापर्यंतचा सुटसुटीत फ्रॉक झाला आहे आणि बघणारे मला छान म्हणतात. मित्रांनो, कुणी छान म्हटलं की मला अजूनही मान वर करावीशी वाटत नाही. का, ते सांगतो.

मला एका म्हाताऱ्या शिंप्याने शिवलं. पांढरं रेशमी कापड, बाह्यांना लेस आणि मागे जमिनीवर लोळणारा भलामोठा घोळ. माझी नवरी मला घालून उभी राहिली तेव्हा सगळे बघतच राहिले. मलाही गर्व चढला होता. जेवणाच्या टेबलाशी कुणीतरी विनोद केला, नवरी खो खो हसली आणि तिच्याच हातातलं लिंबाचं सरबत माझ्यावर सांडलं, कमरेपासून थेट खालपर्यंत. "पाण्यासारखंच आहे, वाळेल," ती म्हणाली. वाळलंही. दुसऱ्या दिवशी काही दिसत नव्हतं. एकदाच तर घातलाय, धुवायचा कशाला, असं म्हणून तिने माझी घडी घातली आणि मला पेटीत ठेवलं.

नवरीच्या भाड्याच्या घरात पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून पेटी धाकट्या बहिणीकडे गेली. ही धाकटी आईवडिलांच्या मागे त्यांच्या घरी एकटीच राहायची. कपाटावरची धूळ झटकताना ती पेटीही पुसायची. एकदा मात्र झाकणावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. मग समोरच्या आरशाकडे बघून स्वतःशीच हसली आणि फडकं झटकायला निघून गेली. झाकण तिने उघडलं नाही. आणि आत, अंधारात, माझ्यात मुरलेली साखर हळूहळू रंग धरत होती.

नवरीची लेक शाळेत जाऊ लागली, तेव्हा एकदा सगळे नातेवाईक धाकटीच्या घरी जमले होते. नवरीने हौसेने पेटी खाली काढली. "अगदी कोरा करकरीत आहे, बघाच," असं म्हणत तिने मला उलगडलं. पुढच्या बाजूने कमरेपासून खालपर्यंत चहाच्या रंगाचे डाग पसरले होते.

"घालायचाच होता तर मागायचास," नवरी धाकटीला म्हणाली. "चोरून कशाला?"

"ताई, मी झाकणसुद्धा उघडलं नाही."

"मग काय, आपोआप झालं हे?"

एकदोघं गालातल्या गालात हसले. धाकटीचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्या हसण्याचा अर्थ सगळ्यांनाच कळला. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. खरं तर ते आपोआपच झालं होतं. पण कपड्याला तोंड कुठे असतं? मी पुराव्यासारखा पसरून पडलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नवरीने मला त्याच दिवशी घरी नेऊन पलंगाखाली ढकललं. बहिणींचं बोलणं आधी कामापुरतं उरलं, नंतर तेही बंद झालं.

लेक मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. नवा पोशाख कशाला, आईचाच दुरुस्त करून घालते, म्हणाली. त्या दोघी मला एका बाईंकडे घेऊन गेल्या. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. जुने लग्नाचे झगे उसवून त्या त्यांचे नवे कपडे शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना उसवणबाई म्हणत. त्यांनी मला खिडकीशी धरलं.

"गोड काहीतरी सांडलं होतं का हो लग्नात? साखर तेव्हा दिसत नाही. न धुता ठेवलं की वर्षांनी अशी वर येते."

नवरी तिथल्या स्टुलावर बसली आणि पदार्थ करपल्यावर बघतात तशी माझ्याकडे बघत राहिली. "सरबत," शेवटी ती म्हणाली. "माझ्याच हातून सांडलं होतं." मग पुटपुटली, "काय बोलले गं मी तिला."

उसवणबाईंनी सांगितलं, की पुढच्या भागाला आता पाणी सोसायचं नाही, तो कापूनच टाकावा लागेल. मागचा घोळ चांगला आहे, त्यातून लेकीचा फ्रॉक होईल.

"कात्री लावायला थोडं थांबा," नवरी म्हणाली.

मला हातावर टाकून ती धाकटीच्या दारात गेली. सगळं सांगितलं, माफी मागितली. धाकटीने ऐकून घेतलं.

"ताई, बोललीस तेव्हा सगळ्यांसमोर बोललीस," ती म्हणाली. "आणि आज एकटी आलीस होय?"

दार तिने हळूच लावून घेतलं. परतताना नवरीने डाग आत करून मला घट्ट गुंडाळलं. त्या दिवशी तिची लाज आणि माझी लाज एकच झाली.

तिने लग्नाच्या तयारीच्या निमित्ताने नातेवाइकांना घरी बोलावलं. धाकटीलाही निरोप धाडला. मला कपाटाच्या दारावर टांगलं होतं, डाग सगळ्यांकडे करून. धाकटी उशिरा आली आणि दाराशीच उभी राहिली. नवरी उठली. "हे डाग माझ्या हातून पडलेत," ती म्हणाली. "मी हिला चोर म्हटलं, तुमच्यासमोर. ती खरं बोलत होती. चुकले मी." जे हसले होते ते आपापल्या कपात बघू लागले.

"मोह झाला होता मला," धाकटी म्हणाली. "नाही कशाला म्हणू? पण तुझा होता, म्हणून नाही उघडली पेटी."

"मग आता घाल."

"आता? वेड लागलंय का तुला?"

पण नवरी तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. धाकटीने मला घातलं, डागासकट. पाठीवरच्या हुकांच्या दोन कडा काही केल्या जुळेनात. चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं. नवरीने त्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या आणि धाकटी आरशात बघत राहिली.

"सोड, ताई. हात भरून येतील."

"बघ तू," नवरी म्हणाली. तिने हात सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला कात्री लागली. दुखलं नाही.

मित्रांनो, जपून ठेवायचं ते धुऊन ठेवा, कितीही स्वच्छ दिसलं तरी. डाग दिसलाच, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचा हात आठवून बघा. आणि चूक कळली, तर जेवढ्यांसमोर बोललात तेवढ्यांसमोरच ती कबूल करा. पण लवकर करा. माझे हुक धाकटीच्या पाठीवर सहज लागले असते, असाही एक काळ होता.