कट म्हणायचं कुणी

टेंभुर्णीत सिनेमा काढायचा तर हिरॉइन कुठून आणायची, हा प्रश्न धम्मपालने जालन्याच्या एका कॉलेजातल्या मुलीला फोन करून सोडवला होता. ती हो म्हणाली, तिने साड्यांचे फोटो मागवून घेतले, आणि शूटिंगच्या आदल्या दिवशी तिला आठवलं की आपली परीक्षा आहे. धम्मपाल लग्नांचे व्हिडिओ काढणारा माणूस. नवरी वेळेवर न येणं त्याला नवं नव्हतं, पण तिथे निदान मामा जाऊन तिला घेऊन येतो. इथे मामाही नव्हता.

बारा मिनिटांचा लघुपट, कुठल्याशा स्पर्धेला आठ दिवसांत पाठवायचा. कॅमेरा धम्मपालचा स्वतःचा. आवाज टिपायला डीजेवाला अकिब, रंगरंगोटीला पार्लरवाली फरहीन. दिवे, सतरंज्या आणि खुर्च्या गावातल्या मांडववाल्या कल्याणच्या बिछायत केंद्रातून फुकट मिळाल्या होत्या. घरही कल्याणचंच, कारण बाकी गावाने अंगण द्यायची तयारी दाखवली ती फक्त तोंडाने. कल्याणची बायको साधना सगळ्यांच्या चहापोह्याचं बघत होती. उजेड कसा पडतो ते पाहायला कुणीतरी दारात उभं राहायला हवं, म्हणून फरहीनने तिला हातातल्या ट्रेसकट दारात उभं केलं. धम्मपालने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाला, वहिनी, तुमीच करा की.

साधनाने कल्याणकडे बघितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि काहीही विचारलं की आधी कल्याणकडे बघायचं, हे तिच्या मानेलाच पाठ झालं होतं.

कल्याण तसा वाईट माणूस नव्हता. अशा नवऱ्यांची पंचाईत हीच असते, की त्यांना धड वाईटही म्हणता येत नाही. दारू नाही, हात उचलणं नाही, दिवाळीला न मागता साडी. त्याने थोडा विचार केला आणि हो म्हणाला, फक्त तीन गोष्टी घातल्या. शूटिंग आपल्याच घरात होईल. साधनाच्या डोक्यावरचा पदर पडणार नाही. आणि सिनेमातला नवरा मीच होणार, कारण दुसऱ्या कुणी माझ्या बायकोचा नवरा होणं बराबर दिसत न्हाई. धम्मपालने तिन्ही मान्य केल्या. नवरा कल्याण झाला म्हटल्यावर सासू म्हणून त्याच्या आईलाच, सगुणाबाईंना, बसवलं, त्या नाहीतरी अंगणात तांदूळ निवडत बसलेल्याच असत. म्हणजे घर तेच, नवरा तोच, सासू तीच, चूलही तीच. फरक एवढाच, की सिनेमातली बाई शेवटी घर सोडून जाते.

का जाते, असं कल्याणने विचारलं होतं. अकिबनेही विचारलं, सगुणाबाईंनी तर दोनदा विचारलं. नवरा मारतो का, तर नाही. बाहेर काही भानगड, तर तीही नाही. एका दुपारी ती बाई पिशवी भरते आणि जाते, एवढीच गोष्ट. धम्मपालचं म्हणणं होतं की का ते बघणाऱ्याने शोधावं. साधनाने मात्र हा प्रश्न कुणालाच विचारला नाही.

लग्नानंतर वर्षभराने तिचा जालन्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता. पत्र घरी आलं, सगळ्यांनी वाचलं. नाही कुणीच म्हटलं नाही. या घरात नाही म्हणायची पद्धतच नव्हती, बघू म्हणायची होती. बघू म्हणता म्हणता प्रवेशाची तारीख गेली, दोन लेकरं झाली, ती शाळेत गेली, आणि पत्र कपाटातल्या कागदाखाली गेलं. पुढेही तिने जे जे विचारलं त्याचं बघूच झालं. ओरडायला कुणी समोर असावं लागतं, बघू म्हणणाऱ्यावर काय ओरडणार? रात्रंदिवस हसतमुख घरात राहून तिचा जीव घुसमटायचा, आणि हे कुणाला सांगायचं तर सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर सोडण्याचा प्रसंग घ्यायला घेतला. कल्याण बाजेवर पेपर वाचत बसलेला, सगुणाबाई सूप घेऊन दाराशी. साधनाने पिशवी घेऊन माजघरातून यायचं, उंबऱ्यात थांबायचं, "मी जाते" म्हणायचं आणि चालू लागायचं. पिशवी भरलेली दिसावी म्हणून फरहीनने तिच्यात दोन चादरी कोंबल्या होत्या. धम्मपालने बजावलं, की कट ऐकू येईपर्यंत चालत राहायचं, मागं वळून बघायचं नाही.

साधना आली, उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "मी येते."

आपल्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत. दळण आणायला निघालेली बाई येते म्हणते, परगावी निघालेला माणूसही येतो म्हणतो. जाते म्हणणं म्हणजे परत न येण्याचंच बोलणं, आणि तसं घरातून एकदाच निघतात, तेही स्वतःच्या पायांनी नव्हे. लहानपणी शहागडला आईने याच शब्दावरून साधनाच्या तोंडावर चापट मारली होती. असा शब्द एका दुपारीत जिभेवर कुठून यायचा? धम्मपालने कट म्हटलं, समजावलं, पुन्हा घेतलं. पुन्हा येते. तिसऱ्यांदाही येते. चौथ्या वेळी ती जा म्हणून अडली आणि तिथून थेट येतेवर आली. कुंपणाबाहेर जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अकिब कानावरचे हेडफोन काढून कपाळ पुसत राहिला.

सहाव्या वेळी तिने डोळे मिटले आणि जाते म्हटलं. धम्मपालचा चेहरा उजळला, तेवढ्यात सुपावरची नजर न काढता सगुणाबाई म्हणाल्या, "आगं, जाते म्हनू न्हाई. येते म्हन."

तो टेक गेला. सातव्यालाही तेच झालं, फक्त या वेळी कुंपणाबाहेरच्या दोघी-तिघींनी सगुणाबाईंच्या आधीच ते सांगितलं. सगुणाबाईंना सिनेमा कळत नव्हता असं नाही. पण सुनेच्या तोंडून अशुभ निघालं आणि आपण गप्प बसलो, हे त्यांच्याने खोटंखोटंही होईना.

ऊन भिंतीवरून वर सरकायला लागलं. कल्याणने पेपरची घडी घातली. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आरं, येते म्हनली तर काय बिघडलं? स्टँडवर जाईल, जराशी बसंल अन् येईल वापस घरी. लोकायलाबी बरं वाटंल."

धम्मपालने लगेच नाही म्हटलं नाही. तो भिंतीवरच्या उन्हाकडे बघत म्हणाला, "बघू."

साधनाने तो शब्द ऐकला. आता काय होणार ते तिला अगदी स्पष्ट दिसलं. सिनेमातली बाई स्टँडवर जाईल, जराशी बसेल आणि परत येईल, आणि सगळ्यांना बरं वाटेल. जिला आपण दोन दिवस अंगावर वागवली, त्या बाईचंही बघू होणार. ती धम्मपालला म्हणाली, अजून एकदा घ्या. तो म्हणाला, हा शेवटचा, नाही जमलं तर कल्याणभाऊ म्हणतात तसं करू. फरहीनने पुढे होऊन सगुणाबाईंच्या तोंडात भलामोठा विडा दिला, असा की तो खाल्ल्याशिवाय बोलताच येऊ नये. बाहेरच्या बायांना तिने डोळ्यांनीच गप्प केलं.

साधना पिशवी घेऊन आली. उंबऱ्यात थांबली. तिला वाटलं होतं की शब्द ओढून काढावा लागेल, पण तो आपणहून आला, रोजच्या आवाजात.

"मी जाते."

कल्याणने पेपरातून मान वर केली. त्याने ती करायची नव्हती, पण धम्मपालला ती इतकी आवडली की तो श्वास रोखून बघत राहिला. सगुणाबाईंचा हात सुपात थांबला. साधना पायरी उतरली, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेली आणि चालू लागली.

आधीच्या सातही वेळा कट दारातच झाला होता. पुढे कुठवर चालायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. गिरणी आली, गेली. मागून काही ऐकू आलं नाही. कट ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही, असं सांगितलेलं, आणि सांगितलेलं ऐकायची तिला सवय होती. गल्ली संपली. मोठा रस्ता लागला. आता मागून कुणी ओरडलं असतं तरी गाड्यांच्या आवाजात ऐकू येणार नव्हतं. तिच्या हे लक्षात आलं आणि पाय हलके झाले. पदर डोक्यावरून खाली आला होता. तो तिने तसाच राहू दिला.

स्टँडवर जालन्याची बस उभी होती. कंडक्टर दारात उभा राहून तंबाखू मळत होता. गावात शूटिंग चालू आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कंडक्टरने तिचा रंगवलेला चेहरा बघितला, तंबाखू टाकली आणि शर्टची कॉलर सारखी केली. कुठं जायचं, असं त्याने ऐटीत विचारलं. साधनाने जालना म्हटलं. तो हसला. बायांना अर्धं तिकीट असतं, सिनेमातल्या बाईला तेवढंही नाही, असं म्हणून त्याने तिला खिडकीची जागा दिली. बसमधली माणसं कॅमेरा कुठे लपवला आहे ते शोधायला लागली.

साधना पिशवी मांडीवर घेऊन बसली. जवळ पैसे नाहीत, पिशवीत दोन चादरी, जालन्यात ओळखीचं कुणी नाही. हे सगळं तिला कळत होतं. तरी बस हलावी, एवढंच तिला हवं होतं. पुढचं पुढे बघता आलं असतं, आणि ते बघणं तरी तिचं स्वतःचं असतं.

बस हलायच्या आधी कल्याणची मोटारसायकल आली. तो खिडकीखाली येऊन म्हणाला, "चल, कट झालं कवाच."

"कुनी म्हनलं?"

"मी म्हनलो ना."

"तुमी न्हाई म्हनायचं. ते धम्मपालभाऊ म्हनतील."

बसमध्ये हशा पिकला. मागच्या दोघांनी मोबाइल काढले. कल्याणने भोवती बघितलं. इतकी माणसं, आणि सगळ्यांना वाटत होतं की हा सीन चालू आहे. हात धरून तिला उतरवावं तर ते मोबाइलमध्ये येणार, रागवावं तर तेही येणार. तो ओठांवर हसू ठेवून हळूच म्हणाला, की सगळे चहाला खोळंबलेत, आई वाट बघते आहे, उतर आता. आवाजात राग नव्हता. घाबरलेला होता तो, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं. तरी ती म्हणाली, "मी जाते."

हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. एका कॉलेजच्या मुलीने टाळ्या वाजवल्या, तिच्यामागून सगळ्या बसने वाजवल्या. काय खरं बोलते बाई, असं कुणीतरी म्हणालं. ते खरंच होतं, हे तिथे फक्त कल्याणला कळलं.

तेवढ्यात धम्मपाल धापा टाकत पोचला. त्याच्या हातात कॅमेरा नव्हता, त्यामुळे लोकांचा थोडा हिरमोड झाला. कल्याणने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "म्हन रे."

धम्मपालने खिडकीत बघितलं. चेहरे वाचण्यावर त्याचं पोट होतं. तिच्या चेहऱ्यावर काय आहे हे त्याला एका नजरेत समजलं, आणि त्याला समजलं हे तिलाही समजलं. तिने मान किंचित हलवली, नको म्हणून. उद्या स्वयंपाकघरातलं शूटिंग कल्याणच्या घरात व्हायचं होतं. दिवे त्याचे होते. लग्नसराईत धम्मपालला बोलावणी यायची तीही कल्याणच्याच मांडवातून. धम्मपालने मान खाली घातली आणि कट म्हटलं. ते इतकं हळू होतं की कंडक्टरने काय म्हणालात म्हणून विचारलं. मग त्याला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

"कट, वहिनी."

साधना उठली. माणसांनी पाय आवरून तिला वाट दिली, दोघींनी छान केलंत म्हणून तिच्या दंडाला हात लावला. ती खाली उतरली आणि मोटारसायकलवर मागे बसली. कल्याणने प्रेमानेच विचारलं, बराबर बसलीस का? तिने हो म्हटलं आणि पदर डोक्यावर घेतला.

कंडक्टरचं मन भरलं नव्हतं. बसच्या दारातून वाकून त्याने धम्मपालला सांगितलं, की परत घ्यायचा असेल तर उद्या याच गाडीवर मी आहे, कॅमेरा घेऊन या.

"न्हाई," धम्मपाल म्हणाला. "झाला तो ओके."