खरपुडीचा सत्कार

प्रसेनजीत सर कोल्हापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, पण त्यांचा जीव अडकला होता नेसरीकडच्या एका माळावर. तिथल्या गवतात खरपुडीचे मोजके वेल होते. बोटाएवढं, कंदिलासारखं फूल. ही जात सरांना दुसरीकडे कुठं सापडली नव्हती. सरांनी आजवर वेलाखालचा एकही कंद उकरला नव्हता. पाप लागेल असं वाटायचं.

मग माळावर मुरूम काढायला जेसीबी आला. नाइलाजानं सरांनी सरपंच बाळासोंना सगळं सांगितलं. नेमका वेल मात्र दाखवला नाही, न जाणो कुणी उपटला तर! "इथंच कुठंतरी हाय," म्हणून नुसता हात फिरवला.

बाळासो मोठ्या दिलाचा गडी. जेसीबीपुढं मांडी ठोकून बसला. "आमच्या गावचं फूल हाय, हात लावून दावा!" जेसीबी माघारी गेला आणि सरांना रडूच आलं. गोष्ट इथं संपती तर बरं होतं. पण आपल्याकडं एखाद्याचा अभिमान वाटला की त्याचा सत्कार केल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही.

पावसाळा सरता सरता सोहळा ठरला. कमानीवर बाळासोंचा हसरा फोटो लागला. खरपुडीचा फोटो मिळेना, म्हणून कोपऱ्यात गुलाब छापला. सरांना फेटा बांधला. पाहुण्याला उपाशीपोटी माळावर नेणं गावाच्या रीतीत बसत नव्हतं, तेव्हा आधी पंगत. बाळासोंच्या आईनं, आक्कानं, मीठ लावून उकडलेले कंद वाढले. सरांना ते इतके आवडले की त्यांनी पुन्हा मागून घेतले.

जेवणं उरकून सगळे माळावर आले. माळ तुळतुळीत झाला होता. भोवती चुना लावलेले दगड, मधे पाटी : 'फुले तोडू नयेत'.

"आख्ख्या गावानं श्रमदान केलंय, सर," बाळासो छाती फुगवून म्हणाले. "गवत, वेल, सगळं मुळासकट काढलं. आता तुमचं फूल कसं झकास दिसंल!"

"अहो, त्या वेलांचंच फूल ते!"

बाळासोंचा चेहरा पडला. "आन् मग खालचं कंद..."

सरांचा हात आपसूक पोटावर गेला. "आक्का, एखादा कच्चा उरलाय का हो?"

आक्काला सरांची फार दया आली.

"कच्चा न्हाय, बाबा. उकडलेला एक हाय. लावून बघतोस काय?"