तळ्याकाठची शिदोरी

रखमाजीनं फिरकीच्या तांब्याला ओलं फडकं गुंडाळलं, गाठ आवळली आणि तांब्या सोनूच्या हाती दिला.

"हेंदकळू नको. तळ्यापत्तूर पाणी गार ऱ्हायला पाहिजे."

सोनूनं मान हलवली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि दोन कैऱ्या तिनं आदल्या रात्रीच धुतलेल्या धडप्यात बांधून ठेवल्या होत्या. लग्न झाल्यापासून ती लुगडं नेसायची. आज मात्र आईच्या मागं लागून तिनं जुना परकर काढला होता. तो आता घोट्याच्या वर आला होता. उद्या धावड्याहून सासरची गाडी येणार होती. सोनू पहिल्यांदाच नांदायला जाणार होती.

तळ्यावर नेतो, असं रखमाजी गेल्या उन्हाळ्यापासून म्हणत होता. तो कामाला जाई त्या कापसाच्या जिनात जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची, सुट्टी असे. पण कधी कुणाचं कीर्तन निघे, कधी कुठला सप्ताह. एकदा तर पोरं तयार होऊन बसली होती आणि हा रातोरात परतूरला कीर्तन ऐकायला गेल्ता. या वेळी मात्र त्यानं सगळं बराबर जुळवलं होतं. फकरोद्दीन टांगेवाला दर जुम्म्याला तळ्याच्या कडेचं गवत आणायला जाई. जाताना टांगा रिकामाच. पोरांना बसवून न्यायला त्यानं हसत होकार दिला होता. दिवस उगवता निघायचं, आंब्याच्या सावलीत शिदोरी सोडायची, पाण्यात पाय बुडवायचे आणि ऊन चढायच्या आत गवतावर बसून परत. खर्चा बिलकुल नाही.

"टांगा देवळापाशी उभा ऱ्हातोय म्हणं," त्याची बायको नंदाबाई उंबऱ्यातून म्हणाली. "कानात बोळे घालून जा. मृदंग वाजला की तुमचे पाय तुमचे ऱ्हात न्हाईत."

"आज न्हाई. पांडुरंगाची आण."

"त्याची कशाला घेता? तोच तर घेऊन जातो तुमाला."

रखमाजी हसला. धाकट्या किसनाचं बोट धरून तो निघाला. पोरांच्या पायांत काही नव्हतं, पण अजून माती थंड होती. सोनू लहानपणापासूनच्या सवयीनं बापाच्या लांब सावलीत पाय टाकत मागून चालली.

देवळासमोरच्या लिंबाखाली दगडी हौद होता. फकरोद्दीनचा घोडा त्यात तोंड घालून पाणी पीत होता. देवळात सप्ताहाचा शेवटचा दिवस. उन्हामुळं काल्याचं कीर्तन सकाळीच ठेवलेलं. बुवा नुकतेच उभे राहिले होते.

"दर्शन घेऊन येतो," रखमाजी म्हणाला. "हा गेलो अन् हा आलो."

"जल्दी या, रखमाजीभाऊ," फकरोद्दीन म्हणाला. "धूप चढली की हा नवाब पाऊल उचलत न्हाई."

रखमाजीनं वहाणा पायरीशी काढल्या. गाभाऱ्यापुढं वाकला, उठला आणि वळणार तोच काकासाहेबांनी त्याचा दंड धरला. काकासाहेब देवळाचे वयोवृद्ध पंच. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"बरा आलास. टाळकरी कमी पडून राह्यलेत. दोघं तापानं निजलेत. धर."

"काकासाहेब, पोरं बाहेर..."

"पोरं कुठं पळून चालली? काल्याला बुवांच्या मागं रिकामी जागा बरी दिसती का?"

टाळाची दोरी गळ्यात पडली. एकदा गळ्यात पडलेला टाळ आरती झाल्याशिवाय उतरवायचा नाही, ही त्या देवळाची रीत. रखमाजीला ती ठाऊक होती. मान मागं घ्यायला एक क्षण मिळाला होता. त्या क्षणी मृदंगावर थाप पडली, आणि मान आपोआप खाली झुकली.

बुवांचा गळा गोड होता. उभ्या सभेला त्यांनी यमुनेकाठी नेलं. सकाळची वेळ, गायी चरायला सोडलेल्या, कदंबाची सावली. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कुणाची भाकरी शिळी, कुणाच्या फडक्यात नुसतं मीठ. देवानं सगळं एकत्र केलं आणि एकेकाच्या तोंडात घास घातला.

"अरे, वैकुंठात काय कमी होतं?" बुवा हात पसरून म्हणाले. "पण पोरांसंगं बसून खायला तिथं कोण होतं? त्यासाठी तो खाली आला!"

रखमाजीचे डोळे भरून आले. टाळ वाजवता वाजवता त्यानं बाहीनं गाल पुसला. गोपाळांनी हातात हात घालून फेर धरला तेव्हा त्याचेही पाय जागच्या जागी नाचू लागले. मग बुवा घोटभर पाणी प्यायला थांबले आणि त्याची नजर दाराकडं गेली.

दारात फकरोद्दीन उभा होता. आत न येता त्यानं चाबकाच्या दांड्यानं वर सूर्याकडं दाखवलं. त्याच्या मागं सोनू, तांब्या छातीशी धरलेली.

रखमाजीनं पंजा हलवला. थोडं थांबा.

बुवांनी पुन्हा पद उचललं. टांग्याची चाकं कधी हलली, ते टाळांच्या गजरात ऐकू आलं नाही.

हंडी फुटली, आरती झाली. दही-लाह्यांचा काला द्रोणात घेऊन रखमाजी बाहेर आला तेव्हा पायरीचा दगड तव्यासारखा तापला होता. लिंबाखाली टांगा नव्हता. हौदाच्या कडेला धडपं पसरलेलं होतं. किसना हौदात पाय सोडून बसला होता. लिंबाची पानं पाण्यात तरंगत होती.

"दादा, ह्या बघा नावा!" किसना ओरडला. "आमी तळ्यावर जाऊन आलो!"

रखमाजीनं सोनूकडं पाहिलं. ती धडप्यावरचे तुकडे झटकत होती.

"लई मोठं हाय तळं," किसना सांगत राहिला. "सोनूताईनं मला पलीकडं मगर दाखवली. ती निजली व्हती म्हणून आमी हळू बोललो. आमी आंब्याखाली जेवलो. ताई म्हणली, याला निंबोळ्या लागल्या तरी आंबाच म्हणायचं."

"फकरोद्दीन..."

"चाचा लई वेळ थांबले," सोनू म्हणाली. "मंग घोडा ऐकंना. तुमी चला म्हणले दोघं. तुमच्याबिगर कसं जायचं, म्हणून आमी न्हाई गेलो."

तिनं धडप्याच्या कोपऱ्याची गाठ सोडली. आत एक भाकरी होती, वर चटणी, आणि कैरीची एक फोड. उन्हानं वाळून तिच्या कडा वर आल्या होत्या.

"तुमच्या वाटणीची."

रखमाजीनं हातातला द्रोण तिच्यापुढं केला. तिनं तो कपाळाला लावला, अर्धा काला किसनाला दिला, अर्धा खाल्ला. तो भाकरी मोडून चावू लागला. घास कोरडा होता. तांब्यातलं पाणी तिनं त्याच्या ओंजळीत ओतलं. ते अजून गार होतं. सबंध सकाळ ती फडकं भिजवत बसली असली पाहिजे.

"सोनू, उद्या..." तो म्हणाला.

"उद्या गाडी सकाळीच येणार हाय, दादा."

त्यानं किसनाला खांद्यावर घेतलं. मातीवर पाय ठेवताच सोनू टाचांवर उभी राहिली. मग सवयीनं ती त्याच्या मागं आली आणि खाली बघू लागली. रखमाजी जरा डावीकडं सरला, जरा उजवीकडं. सूर्य डोक्यावर होता. सावली त्याच्याच पायांखाली गोळा झाली होती. दुसऱ्या कुणाचं पाऊल मावेल एवढी ती नव्हती.

त्यानं वहाणा काढून तिच्यापुढं ठेवल्या. तिनं त्या घातल्या. मोठ्या होत होत्या. ती पाय फरफटत चालू लागली. रखमाजी अनवाणी तिच्या पुढं चालला.

गल्लीच्या वळणाशी किसनाला काहीतरी आठवलं. त्यानं वरून बापाच्या तोंडाकडं वाकून पाहिलं.

"दादा, तळ्यावर तुमी कुठं व्हते? मला दिसले न्हाई."



"व्हते की रे," मागून सोनू म्हणाली. "पाण्यात लांब पोहत गेल्ते. म्या पाह्यलं."