सांडव्यावरची जाळी

मित्रांनो, तळ्याचे कौतुक करून झाले असेल तर नजर जरा त्याच्या कडेकडे वळवा. गवताने झाकलेला हा मातीचा लांबट उंचवटा दिसतो ना, तो मी. मी एक जुना, बुटका, खासगी बांध आहे. माझ्यामुळे शेते भिजत नाहीत की दिवे लागत नाहीत. एका घरच्या माणसांना पोहता यावे, होडीत बसता यावे, गळ टाकून गप्पा मारता याव्यात, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या छातीशी रात्रंदिवस पाणी टेकलेले असते, त्याने दुसरे काय व्हावे? पाणी वरून शांत दिसते, पण आतून सतत फट शोधत असते.

मला थोरल्यांनी बांधले. थोरले म्हणजे या घरातले मोठे भाऊ. ते माझ्याहून संशयी. मातीचा थर पसरला की पाणी शिंपडून त्यावर रोलर फिरवायला लावायचे, मग स्वतः टाच दाबून बघायचे. टाच रुतली की थर उकरून पुन्हा घालायचा. मजुरांच्या नाकीनऊ यायचे. एका टोकाला त्यांनी दगडी सांडवा ठेवला. सांडवा म्हणजे जादा पाणी निघून जायला ठेवलेला रुंद, मोकळा रस्ता. पाणी तिथून गेले तर काही बिघडत नाही. पण ते माझ्या माथ्यावरून वाहू लागले तर माझी माती धुऊन नेते आणि मी फुटतो. मी फुटलो तर खालच्या अंगाला, ओढ्याकाठी राहून झाडांची रोपे विकणारी रोपवाली आणि तिचे अधू पायाचे सासरे यांचे घर राहत नाही. ही भीती मला पहिल्या दिवसापासून आहे.

माझे उमेदीचे दिवस बरे गेले. पाहुणे माझ्याच पाठीवर सतरंजी टाकून बसायचे आणि 'काय सुंदर तळं आहे' म्हणायचे. माझे नाव कोणी काढत नसे. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? पण थोरले रोज माझ्या उतारावरून अनवाणी चालायचे, कुठे ओल पायाला लागते का बघायला. आणि रोपवाली माझ्यावरूनच पलीकडच्या रस्त्याला जायची. जाता जाता सांडव्यात अडकलेला पालापाचोळा काठीने ओढून बाहेर काढायची. ओढ्यातला कचरा तिच्या पाण्याच्या नळीत जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता.

थोरले गेले आणि तळे त्यांच्या धाकट्या भावाकडे आले. धाकट्यांना मासे आवडतात, माणसे नाहीत. त्यांनी तळ्यात हौसेने मासे सोडले. दर पावसाळ्यानंतर मासे कमी दिसू लागले, तेव्हा धाकट्यांचा संशय सरळ रोपवालीवर गेला. खरे तर मासे आपल्या पायांनी, म्हणजे शेपटांनी, सांडव्यातून पळून जात होते. मी रोज बघत होतो. पण मला विचारतो कोण? धाकट्यांनी सांडव्याला बारीक तारेची जाळी ठोकली आणि माझ्याकडे येणाऱ्या फाटकाला कुलूप घातले. त्यांच्या बायकोने सावलीसाठी माझ्या पाठीवर झाडे लावली. त्यांची मुळे आत चाचपडू लागली तेव्हा मला त्यांचाही संशय येऊ लागला.

एकदा थोरल्यांची मुलगी आली. ती धरणे तपासण्याचेच काम करते. तिने जाळी हलवून पाहिली, झाडांकडे पाहिले आणि म्हणाली, "काका, ही जाळी काढा. पानं अडकली की सांडवा बंद पडेल. झाडंही नकोत इथे." काकांनी मान डोलावली, चहा पाजला. ती गेल्यावर बायकोला म्हणाले, "हिला वाटणी हवीय. आज जाळी काढा म्हणतेय, उद्या तळं विका म्हणेल." पुतणीवर संशय, शेजारणीवर संशय. जाळीवर मात्र कोणाचाच नाही.

मग एका पावसाळ्यात झड लागली. वाऱ्याने झाडे ओरबाडली आणि ओली पाने जाळीला चिकटत गेली. काठी घेऊन येणारी कुलपाबाहेर होती. पाणी माझ्या छातीवरून गळ्याशी आले. मी घाबरलो, मित्रांनो. धाकटे खिडकीत उभे राहून भरलेले तळे बघत खूश होते.

तेवढ्यात रोपवाली धापा टाकत आली आणि फाटक हलवू लागली. धाकटे छत्री घेऊन बाहेर आले आणि तुसडेपणाने म्हणाले, "आज मासे मिळायचे नाहीत, बाई."

तिला रागवायलाही सवड नव्हती. ती म्हणाली, "मालक, सकाळपासून एवढा पाऊस, आणि ओढ्याला पाणीच नाही. मग सगळं पाणी आहे कुठे?"

धाकटे वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. पाणी माझ्या माथ्याच्या वीतभर खाली होते.  ते पक्कड आणायला धावले, तशी ती म्हणाली, "थांबा. जाळी एकदम कापलीत तर लोंढा घरावर येईल. आधी सासऱ्यांना वर आणू द्या, मग कापा."

रोपे वाहायच्या हातगाडीत घालून दोघांनी म्हाताऱ्याला वर आणले. तोवर माझ्या माथ्यावरून एक बारीक धार सुटली होती आणि तिने माझी मूठ मूठ माती न्यायला सुरुवात केली होती. ते दुखणे मी सांगू शकत नाही. धाकट्यांनी जाळी एका कडेने कापली. पाने गेली, मासे गेले, खाली रोपांच्या कुंड्या वाहून गेल्या. घर राहिले. मीही राहिलो.

पाऊस उघडल्यावर धाकटे म्हाताऱ्याला म्हणाले, "आता बिनघोर घरी जा. बांध मजबूत आहे."

म्हाताऱ्याने विचारले, "कोणी तपासलाय?"

 धाकट्यांनी पुतणीला फोन लावला, आणि ती येऊन बघेपर्यंत म्हातारा आणि रोपवाली धाकट्यांच्याच घरी राहिले. झाडे निघाली, माझी जखम थर थर घालून भरली गेली.

मित्रांनो, तुम्ही एखाद्या छोट्या तळ्यावर पोहायला गेलात, तर त्याच्या बांधावर आंधळा विश्वास टाकू नका. मजबूत आहे असे कोणी म्हणाले, तर त्या म्हाताऱ्याचाच प्रश्न विचारा. आम्हाला राग येणार नाही. थोरले गेल्यापासून माझी एवढी विचारपूस दुसऱ्या कोणी केली नव्हती.