विरक्तवाडीतलं पोरांचं घर

दामिनी भंडाऱ्याला शाळेत शिकवते. यंदाच्या पौषात तिनं वर्गाची सहल विरक्तवाडीला नेली, तेव्हा तिथल्या भिंतीवर तिला एक जुना फोटो दिसला. चटई विणत बसलेली बाई. आईचंच थोडं वाकडं नाक, आईचीच पुढं आलेली हनुवटी. मोबाईलवर तो फोटो घेऊन ती रविवारी सिहोऱ्याला आईकडे गेली.

कलाबाईनं फोटो बराच वेळ पाहिला. आपल्या आईबद्दल तिनं मुलीला कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"चाल," ती म्हणाली. "मले घेऊन चाल तिथं."

विरक्तवाडी जंगलाच्या कडेला, तलावाला लागून आहे. एका महाराजांच्या शब्दावर सत्तर-ऐंशी बायका-पुरुष घरदार सोडून तिथं राहिले होते. लग्न नाही, नातं नाही, स्वतःचं म्हणून काही नाही. धान पिकवायचं, बांबूच्या चटया विणायच्या आणि भजनात अंग थरथर कापेपर्यंत नाचायचं. नवं कोणी येईना, जुने एकेक करून संपले. आता लोक ती वाडी पाहायला येतात.

वाडी दाखवणारे टेकचंदभाऊ हौसेनं सांगत होते, "हे पाहा, एकाच सभाघराले दोन दारं. इकडून बाया, तिकडून माणसं. साठ-सत्तर वर्षांत एक भांडण नाही झालं इथं."

लोक माना डोलवत होते. कलाबाई मात्र मागं राहून भिंतीला हात लावत होती. ही भिंत तिच्या ओळखीची होती. वडील साप चावून गेल्यावर आई, रत्नमाला, दोन लेकरं घेऊन इथंच आली होती. कला सहा वर्षांची, डोमा तीन वर्षांचा. आल्या दिवशीच त्यांची ताटातूट झाली. मुलींचं घर अलीकडे, पोरांचं पलीकडे, आई बायांच्या ओळीत. लेकराला भेटायचं ते फक्त पुनवेला. आठ महिन्यांनी मामा दोघांना न्यायला आला, तेव्हा आईनं तिला एकटीलाच पुढं ढकललं होतं. "हिले घेऊन जा दादा. डोमा इथंच राहीन."

पोरगा ठेवला, पोरगी टाकली. अठ्ठावन्न वर्षं कलाबाई हेच धरून जगली.

पोरांच्या घराच्या ओसरीवर एक म्हातारी बसली होती. शकुनबाई, वाडीत उरलेली शेवटची. दामिनीनं तिच्यापुढं मोबाईल धरला.

"आजी, ही बाई कोण?"

"रत्नमाला," म्हातारी म्हणाली. "बारा वर्षं झाली तिले जाऊन."

"माझी माय होय ते," कलाबाई म्हणाली.

शकुनबाईनं मान वर केली. "तू कला?"

"हो. डोमा कुठं हाय?"

म्हातारी खाली पाहतच बोलली. "तुले कोणी सांगतलंच नाही? तुझा मामा आला ना, त्याच्या चार दिवस आधीच गेला तो."

"कसा?"

"ताप आला होता. या घरची लेकरं मीच सांभाळत होती, सतरा वर्षांची होती मी. पुनवेशिवाय मायले आत येऊ द्यायचं नाही, असा नेम होता. रत्नमाला बाहेरून या दारावर डोकं आपटून राहिली होती. हा आतून माय, माय करे. मी कडी नाही काढली वो. मले वाटे, मी नेम पाळून राहिली."

"मग?"

"मग तो चूप झाला."

दामिनीनं आईचा दंड धरला. कलाबाईनं तो सोडवून घेतला.

"मले काहून पाठवलं मग? आन माय काहून नाही आली?"

"एक तरी जगन, म्हणे. तुझ्या मामाले खरं सांगतलं असतं तर त्यानं तिले ओढत नेलं असतं. तिले जायचंच नव्हतं. पोराले एकट्याले इथं कसं सोडू, म्हणे. हे सारं तिनं दुसऱ्या बायांजवळ सांगतलं. माझ्यासंगं नाही. शेचाळीस वर्षं आम्ही एका पंगतीत जेवलो, माझ्यासंगं एक शब्द नाही बोलली."

कलाबाई दारापाशी गेली. सागवानी दार, आतून लोखंडी कडी. तिनं बोट लावलं. कडी आवाज न करता सरकली. तिनं ती पुन्हा लावली, पुन्हा काढली. मग विचारलं, "कुठं पुरलं त्याले?"

शकुनबाईनं तलावाच्या बांधाखालच्या जागेकडे हात केला. रत्नमालेची राखही तिथंच टाकली होती. खुणेचा दगड ठेवायचा वाडीत नेम नव्हता. मायलेकी तिथवर गेल्या. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी त्या जागेवर मुरूम टाकून ठेवला होता. कोणती जागा कोणाची, काही कळायला मार्ग नव्हता. कलाबाई मधेच कुठंतरी खाली बसली आणि तळहात मुरमावर टेकवून राहिली. एका गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा दामिनीनं तिला उठवलं.

निघताना शकुनबाईनं तिचा पदर धरला. "मले दोन शिव्या तरी दे वो."

"तुमच्यासंगं माझी माय नाही बोलली," कलाबाई म्हणाली. "मी कशी बोलू?" आणि पदर सोडवून चालायला लागली.

सिहोऱ्याला पोचेस्तोवर दिवस बुडायला आला होता. कलाबाई घरात न शिरता मागच्या अंगणात गेली, अंगावरच्या लुगड्यानिशी दगडावर बसली आणि बादलीतलं थंडगार पाणी डोक्यावर ओतून घेऊ लागली.

"माय, काय करून राहिली? एवढ्या थंडीत! इतक्या वर्षांनी कायचं सुतक?"

"मले आज समजलं ना," कलाबाई म्हणाली. तिचे दात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारची सुलोचनाबाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली. कलाबाईनं तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"येत नाही. सुतक हाय."

"अवो, कोण गेलं?"

"माझी माय," कलाबाई म्हणाली. "आन भाऊ. तीन वर्षांचा होता."